फ्लॅटमध्ये ट्यूब ॲम्प शेजाऱ्यांना न ऐकवता रेकॉर्ड करायचाय: ब्लूज ज्युनियर, लोड बॉक्स की माइक?

खर्ज

नमस्कार मंडळी, आधी सामान सांगतो. फेंडर ब्लूज ज्युनियर ४ (२३० व्होल्टचा), सिंगल कॉइल पिकअपची टेलिकास्टर, फोकसराइट स्कारलेट २आय२ तिसऱ्या पिढीचा इंटरफेस, एक एसएम५७ माइक (पुढे नुसतं ५७). रेकॉर्डिंग रीपर या सॉफ्टवेअरमध्ये. जागा पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, १० बाय ११ फुटांची खोली. खाली-वर कुटुंबं राहतात आणि निवांत वेळ मिळतो तो रात्री नऊनंतर.

हवा असलेला आवाज फार गेनचा नाही. व्हॉल्यूम ६-७ वर नेल्यावर हा ॲम्प जसा जरा फाटतो आणि स्ट्रोक हलका केला की पुन्हा साफ होतो, तेवढंच हवं आहे. मास्टर खाली ओढला की ते जातं, आवाज चपटा आणि करकरीत होतो.

विचारायचं असं की:

लोड बॉक्स (स्पीकरऐवजी ॲम्पची पॉवर जिरवणारा डबा) घेतला तर खरंच फरक पडतो का, की मास्टर कमी ठेवून ५७ जवळ लावला तरी काम भागेल? साधा ८ ओहमचा रेझिस्टर लावला तर काय बिघडतं? ॲटेन्यूएटर (स्पीकरकडे जाणारी पॉवर कमी करणारा डबा) लावून स्पीकर हळू वाजवला तर रात्री चालेल का? आणि स्पीकरची पिन काढून लोडला जोडताना काय काळजी घ्यायची?

प्लगइन वापरा असं कृपया सुचवू नका. हा ॲम्प आहे आणि तोच रेकॉर्ड करायचा आहे.

---

बारा_एएक्स_सात

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तिथे चूक झाली तर बाकीची चर्चा वाया जाईल.

ट्यूब ॲम्प लोडशिवाय कधीही वाजवायचा नाही. स्पीकर काढला आणि त्याच्या जागी काहीच जोडलं नाही, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत साठणाऱ्या ऊर्जेला बाहेर पडायला वाट उरत नाही. सिग्नल मोठा असेल तर प्रायमरीवर हजार-हजार व्होल्टचे झटके तयार होतात. ईएल८४ या पॉवर ट्यूबांच्या सॉकेटवर पिनांमध्ये ठिणगी उडते, तिथे कोळशाची रेघ पडते, किंवा ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन आतून फुटतं. फ्यूज यापासून वाचवत नाही. काही ॲम्पमध्ये स्पीकरचा जॅक रिकामा असला की तो आपोआप शॉर्ट होतो (ट्यूब ॲम्पला उघड्या सर्किटपेक्षा शॉर्ट बरा), पण त्यावर भरवसा ठेवून काम करू नका.

ब्लूज ज्युनियरमध्ये सोय चांगली आहे. स्पीकरची वायर चेसिसला पाव इंची पिनेने जोडलेली असते, त्यामुळे डाख लावायची वेळ येत नाही. क्रम असा ठेवा: ॲम्प बंद, मिनिटभर थांबा, स्पीकरची पिन काढा, लोड बॉक्सची वायर पूर्ण आत जाईपर्यंत दाबा, दुसरं टोक लोडच्या "ॲम्पकडून" लिहिलेल्या जॅकमध्ये, मगच खटका. या ॲम्पला स्टँडबाय नाही, म्हणून ट्यूबा तापेपर्यंत अर्धा-एक मिनिट व्हॉल्यूम शून्यावर ठेवा. बंद करतानाही आधी खटका, मग वायर. चालू ॲम्पची स्पीकर वायर हलवायचीही नाही.

वायर कुठली, हे लोक हमखास विसरतात. गिटारची शील्डेड केबल इथे चालत नाही. ८ ओहमवर १५ वॅट म्हणजे सुमारे १.४ अँपिअर करंट. गिटार केबलची आतली तार त्यासाठी केलेलीच नसते. ती तापते, पिनेतला सांधा सुटतो आणि नेमका वाजवताना लोड गायब होतो. दोन सारख्या तारांची, १ चौरस मिलीमीटर किंवा जाड, मीटरभर लांबीची स्पीकर वायर घ्या आणि दोन्ही टोकांना चांगल्या धातूच्या मोनो पिना लावून घ्या. ती वेगळ्या रंगाची असू द्या म्हणजे चुकून अदलाबदल होणार नाही.

लोड ८ ओहमचाच घ्या. १६ किंवा ४ वर हा ॲम्प लगेच मरणार नाही, पण तुम्हाला तो ७ वर चालवायचाय. तिथे जास्त ओहम म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर जास्त व्होल्टेज आणि कमी ओहम म्हणजे ट्यूबांवर जास्त करंट. दोन्ही फुकटचा ताण.

आणखी एक. "दोनपैकी एक ईएल८४ काढा, आवाज निम्मा होतो" हा सल्ला जागोजागी मिळतो. हा पुश-पुल ॲम्प आहे, म्हणजे दोन ट्यूबा आळीपाळीने काम करतात. एक ट्यूब काढली की ट्रान्सफॉर्मरमधून डीसी एकाच बाजूने वाहतो, कोअर सॅच्युरेट होतो आणि खालचे सूर चिरकतात. शिवाय निम्मी पॉवर म्हणजे फक्त ३ डीबी. शेजाऱ्यांना कळणारसुद्धा नाही.

---

कोन_आणि_कॉइल

वरचं सगळं मान्य. आता आवाजाचं गणित बघू, कारण "ॲटेन्यूएटर लावला की रात्री चालेल का" याचं उत्तर त्यातच आहे.

गिटारचा १२ इंची स्पीकर १ वॅटला १ मीटरवर साधारण ९८ डीबी देतो. १५ वॅटला त्यात १२ डीबी वाढतात, म्हणजे ११०. बाजारातले बरेच लोड बॉक्स स्पीकरकडे २० डीबी कमी करून सिग्नल सोडतात. २० डीबी म्हणजे पॉवर शंभरावा हिस्सा, ०.१५ वॅट. ऐकायला नगण्य वाटतं, पण तरीही १ मीटरवर ९० डीबी उरतात. १० बाय ११ च्या खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज धरला तर कोपऱ्यातही फार कमी होत नाही. साडेचार इंची प्लास्टर केलेली विटेची भिंत साधारण ४० डीबी अडवते, पोकळ फ्लश डोअर जेमतेम २०. म्हणजे भिंतीपलीकडे ५०, दारापलीकडे ७०. निवासी भागासाठी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा रात्री १० ते सकाळी ६ ४५ डीबी(ए) आहे, दिवसा ५५. आणि खाजगी जागेतल्या वाद्याचा आवाज हद्दीवर या पातळीच्या ५ डीबीपेक्षा जास्त वर जायला नको. तेव्हा २० डीबीचा ॲटेन्यूएटर दुपारी ठीक, रात्री नाही. रात्री स्पीकर पूर्ण बंद आणि हेडफोन, हाच मार्ग.

आता मास्टर कमी केल्यावर चपटं का होतं ते. या ॲम्पचा आवाज तीन जागी घडतो: प्रीॲम्पच्या १२एएक्स७ ट्यूबांमध्ये, पुढे फेज इन्व्हर्टर (पॉवर ट्यूबांना उलटसुलट सिग्नल देणारा टप्पा), ईएल८४ आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये, आणि शेवटी स्पीकरच्या कागदात. मास्टर खाली ओढला की फाटणं फक्त पहिल्या जागी उरतं. तुम्हाला हवं असलेलं, हात हलका केला की साफ होणारं फाटणं मुख्यतः दुसऱ्या जागेतलं आहे. पॉवर सेक्शन दाबला गेला की सप्लायचं व्होल्टेज किंचित खाली बसतं आणि स्ट्रोकची सुरुवात गोल होते. हे मिळवायचं तर ईएल८४ ना खरोखर काम करू द्यावं लागतं, आणि ती पॉवर कुठेतरी उष्णतेच्या रूपात जिरवावी लागते. लोड बॉक्स म्हणजे तेवढंच.

थोडा भाग कानांचाही आहे. हळू आवाजात कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात. म्हणून रात्री हळू ऐकत टोन लावला की बेस आणि ट्रेबल जास्त दिले जातात आणि सकाळी मोठ्याने ऐकल्यावर मिक्स विचित्र लागतं. टोन ठरवताना ऐकण्याची पातळी एकच ठेवा, मध्यम, आणि नंतर तिला हात लावू नका.

साधा रेझिस्टर की रिॲक्टिव्ह लोड (स्पीकरसारखेच ओहम बदलणारा)? स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असतं, पण तो फक्त ४०० हर्ट्झच्या आसपास ८ ओहम असतो. खाली ८०-१०० हर्ट्झला कोनच्या रेझोनन्सपाशी तो चाळीस-पन्नास ओहमपर्यंत चढतो, आणि वर व्हॉइस कॉइलच्या इंडक्टन्समुळे ५ किलोहर्ट्झला दुप्पट-तिप्पट होतो. ट्यूब ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स मोठा असल्यामुळे जिथे लोडचे ओहम वाढतात तिथे व्होल्टेजही वाढतं. म्हणजे स्पीकर स्वतःच ॲम्पकडून तळाला थोडा ठोसा आणि वरती थोडी धार काढून घेतो. सपाट रेझिस्टरवर हे दोन्ही जातं, आवाज घोंगडीखालून आल्यासारखा लागतो. ब्लूज ज्युनियरमध्ये निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा परत देणं) असल्याने हा फरक थोडा कमी आहे. फीडबॅक नसलेल्या व्हॉक्स एसी१५ सारख्या ॲम्पमध्ये फार जाणवतो. पण फीडबॅकसुद्धा ॲम्प दाबला गेला की निकामी होतो, आणि तुम्ही नेमके तिथेच वाजवणार आहात. म्हणून तुमच्या कामाला रिॲक्टिव्हच घ्या.

तयार वस्तूंमध्ये टू नोट्स टॉर्पीडो कॅप्टरचं ८ ओहमचं मॉडेल १५ वॅटला भरपूर आहे. ते ओहमप्रमाणे वेगवेगळं मिळतं, मागवताना आकडा नीट बघा. सूर रिॲक्टिव्ह लोड (हो, कंपनीचं नावच तसं) ८ ओहम, १०० वॅट आहे. युनिव्हर्सल ऑडिओ ऑक्स, फ्रायेट पॉवर स्टेशन या पुढच्या पायऱ्या; पंधरा वॅटच्या ॲम्पसाठी तेवढ्या खर्चाची गरज मला दिसत नाही. एक नियम: क्लिपिंगमध्ये ॲम्प छापील वॅटच्या दुपटीपर्यंत पॉवर सोडू शकतो. १५ वॅटच्या ॲम्पला लोड किमान ३० वॅटचा, शक्यतो ५० चा.

आता जोडणी. लोड बॉक्सचा लाइन आउट टीआरएस (तीन संपर्कांच्या पिनेच्या) केबलने स्कारलेटच्या पुढच्या जॅकमध्ये, आणि त्या चॅनेलचं "इन्स्ट" बटण बंद. ते चालू राहिलं तर इनपुट गिटारच्या पातळीसाठी तयार असतो आणि लोड बॉक्सच्या सिग्नलने क्लिप होतो. लोकांना वाटतं ॲम्प फाटतोय, फाटत असतो इंटरफेस, आणि हे डिजिटल फाटणं अतिशय वाईट लागतं. गेन शून्यापासून वर आणा. सगळ्यात जोरदार कॉर्डचा शिखरबिंदू -१२ डीबीवर असू द्या. २४ बिटला त्याहून वर नेण्यात काही मिळत नाही.

यानंतर जे ऐकू येईल ते भयंकर असेल: पातळ, किरकिरं. लोड बॉक्स बिघडलाय असं समजू नका. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने खाली येतो, आणि ते गाळणं अजून झालेलंच नाही. ते काम इम्पल्स रिस्पॉन्सचं, म्हणजे आयआरचं: खऱ्या कॅबिनेट आणि माइकची वेव्ह फाइल. रीपरमध्ये रीव्हर्ब (ReaVerb) हे प्लगइन आधीपासून असतं. त्यात "ॲड" करून फाइल निवडा, वेट ० डीबी, ड्राय पूर्ण खाली. ड्राय जरा जरी राहिला तरी किरकिर राहते. सेल्स्टिऑनसारखे स्पीकर बनवणारे स्वतःच आयआर विकतात. तुमच्या आवाजासाठी १ x १२ उघड्या पाठीचं कॅबिनेट आणि ५७ माइक असा आयआर शोधा. ४ x १२ बंद कॅबिनेटचा आयआर लावला तर ब्लूज ज्युनियर ओळखू येणार नाही.

माझं ठाम मत: लोड बॉक्सच्या किमतीपेक्षा आयआरची निवड आवाजावर जास्त परिणाम करते. संध्याकाळ लोड बॉक्सची तुलना वाचण्यात घालवू नका. एकच ट्रॅक रेकॉर्ड करा, तो लूपवर लावा, दहा-बारा आयआर एकाच पातळीवर आणून ऐका. पातळी सारखी करणं महत्त्वाचं, कारण जो थोडा मोठा तोच चांगला वाटतो. एक निवडा आणि ॲम्पचे टोन त्यावर लावा, उलटं नाही. वर थोडं अजून टोचलं तर ७ किलोहर्ट्झच्या आसपास हाय कट आणि ८० ला लो कट.

मॉनिटरिंग: स्कारलेटचं डायरेक्ट मॉनिटर बंद ठेवा, नाहीतर आयआरशिवायचा कच्चा आवाजही कानात येईल. ४८ किलोहर्ट्झला बफर १२८ वर येण्याजाण्याची मिळून साधारण ८-१० मिलीसेकंद जातात. ॲम्प तीन मीटरवर ठेवून वाजवलं तरी हवेतून आवाज यायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो, बोटांना अडत नाही. मशीन झेपत असेल तर ६४.

सेटिंग: व्हॉल्यूम ६, मास्टर ८, फॅट बंद, ट्रेबल ५, मिडल ६, बेस ४ पासून सुरू करा. रिव्हर्ब शून्य. स्प्रिंगचा रिव्हर्ब छान आहे, पण एकदा ट्रॅकमध्ये गेला की निघत नाही.

---

डाख

रेझिस्टरचा प्रश्न अजून उघडा आहे म्हणून लिहितो. हातात सोल्डरिंग आयर्न चालत असेल तर रिॲक्टिव्ह लोड घरी करता येतो, आणि सगळे भाग पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळण्यासारखे आहेत.

एकामागे एक, सिरीजमध्ये तीन गोष्टी: ८ ओहम १०० वॅटचा ॲल्युमिनिअम आवरणाचा वायरवाउंड रेझिस्टर (८.२ मिळाला तरी चालेल), मग ०.५ मिलीहेन्रीची एअर कोअर कॉइल, मग एक समांतर गट. त्या गटात १५ मिलीहेन्रीची कॉइल, २२० मायक्रोफॅरडचा १०० व्होल्टचा नॉन-पोलर कपॅसिटर आणि ४७ ओहम २० वॅटचा रेझिस्टर, तिन्ही एकमेकांना समांतर.

१५ मिलीहेन्री आणि २२० मायक्रोफॅरड मिळून रेझोनन्स ८८ हर्ट्झला येतो, म्हणजे स्पीकरचा खालचा डोंगर. ४७ ओहम त्या डोंगराची उंची बांधतो. तो नसेल तर तळ घुमतो. ०.५ मिलीहेन्री ५ किलोहर्ट्झला एकूण इम्पीडन्स साडेसतरा ओहमच्या आसपास नेते, म्हणजे वरची चढण.

कुठे चुकतं ते सांगतो. साधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावू नका, एसीवर तो तापून फुटतो. क्रॉसओव्हरला वापरतात तो नॉन-पोलरच हवा. १५ मिलीहेन्रीची कॉइल किमान १ मिलीमीटर तारेची, ३ अँपिअरला सॅच्युरेट न होणारी हवी. छोट्या फेराइट कोअरवरची घेतली तर जोरात वाजवल्यावर तळ घरघरतो आणि दोष ॲम्पला दिला जातो. दोन्ही कॉइली एकमेकींना काटकोनात आणि काही इंच लांब बसवा. मोठा रेझिस्टर हीटसिंकवर थर्मल पेस्ट लावून स्क्रूने घट्ट बसवा. हवेत लोंबता ठेवला तर त्याची क्षमता निम्म्यावर किंवा त्याखाली येते. डबा धातूचा, वर-खाली भोकं असलेला. सगळे सांधे आधी पिळून मग डाखायचे, कारण तापल्यावर सांधा सुटला तर बारा_एएक्स_सातने सांगितलेला प्रसंग ओढवतो. जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने पिनेच्या दोन टोकांमध्ये ओहम मोजा: साडेआठ-नऊच्या आसपास दिसायला हवेत (८ चा रेझिस्टर अधिक कॉइलींच्या तारेचा रोध). अनंत दाखवत असेल तर ॲम्प लावू नका.

लाइन आउट काढायला लोडला समांतर १० किलोओहम आणि १ किलोओहम सिरीजमध्ये लावा आणि १ किलोओहमवरून सिग्नल घ्या. ८ ओहमवर १५ वॅट म्हणजे ११ व्होल्ट, +२३ डीबीयू (सिग्नलची पातळी मोजायचं एकक). हे थेट दिलं तर स्कारलेटचा लाइन इनपुटही ओसंडतो. अकराव्या हिश्श्यावर आणलं की १ व्होल्ट उरतो, म्हणजे सुमारे +२ डीबीयू, अगदी आरामात. या दोन रेझिस्टरना पाव वॅट पुरेसं आहे, त्यांच्यातून नगण्य पॉवर जाते.

---

खर्ज

फार उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. कॅप्टरच घेतो, कॉइली गुंडाळत बसण्याइतका हात साफ नाही.

दोन शंका उरल्या. एक, कधीतरी खरा स्पीकर आणि ५७ वापरायचा झाला तर ॲम्प कपाटात कपड्यांमध्ये ठेवून दार लावलं तर? दोन, सध्या ५७ लावूनसुद्धा हेडफोनमध्ये बारीक घूं आणि चिर्र असा आवाज येतो. लॅपटॉपचा चार्जर काढला की चिर्र जातं, घूं राहते. लोड बॉक्स लावला की हे वाढेल का?

---

शांत_दुपार

थोडा वेगळा मुद्दा मांडतो. अडचण रात्रीची आहे, ॲम्पची नाही. वाजवण्याची वेळ आणि ॲम्प पेटवण्याची वेळ वेगळ्या केल्या की बरंच सुटतं.

रात्री गिटार सरळ स्कारलेटमध्ये, इन्स्ट चालू, कोरडा ट्रॅक. वाजवताना कानाला आधार म्हणून कुठलाही फुकट ॲम्प सिम्युलेटर चालेल. तुम्ही प्लगइन नको म्हणालात, आणि तो अंतिम ट्रॅकमध्ये येतच नाही. हवे तेवढे टेक घ्या, कापा, जोडा. मग रविवारी दुपारी तासभर तो कोरडा ट्रॅक स्कारलेटच्या लाइन आउटमधून रीॲम्प बॉक्समार्गे (लाइनचा सिग्नल गिटारच्या पातळीवर आणणारा डबा) ब्लूज ज्युनियरमध्ये सोडा, खरा स्पीकर, समोर ५७. सगळ्या गाण्याचे गिटार तासाभरात होतात आणि स्पीकरचा कागद खरा वाजतो. लोड आणि आयआरमध्ये तिसरी जागा, म्हणजे स्पीकरचं स्वतःचं दबणं, गोठवलेल्या फोटोसारखं असतं. आयआर तुम्ही जोरात मारलं काय, हळू मारलं काय, तसाच वागतो.

रीॲम्प बॉक्स नसेल तर पॅसिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल माइकच्या इनपुटजोगा करणारा, विजेशिवाय चालणारा डबा) उलटा वापरता येतो: इंटरफेसकडून एक्सएलआरमध्ये, गिटारच्या जॅकमधून ॲम्पला. मात्र उलट्या दिशेने त्यातला ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज दहा-बारा पट वाढवतो, म्हणून रीपरचा फेडर -४० डीबीवरून सुरू करून वर आणा. ॲक्टिव्ह डीआय असा उलटा चालत नाही.

पातळी जुळवण्याची खात्रीची पद्धत: ॲम्प अगदी क्लीन सेटिंगवर ठेवा, गिटार थेट जोडून एक जोरदार ई कॉर्ड मारा आणि माइकचं मीटर किती जातं ते बघा. तोच कॉर्ड कोरडा रेकॉर्ड करून रीॲम्पमार्गे पाठवा, मीटर तितकंच येईपर्यंत फेडर हलवा. हे फाटलेल्या सेटिंगवर करू नका. तिथे ॲम्प फरक गिळून टाकतो आणि १० डीबीची चूकही मीटरवर दिसत नाही.

दोन्ही एकदम हवं असेल, म्हणजे रात्री लोड बॉक्सही आणि कोरडा ट्रॅकही, तर गिटार आधी ॲक्टिव्ह डीआयमध्ये, त्याच्या लिंकमधून ॲम्पला, एक्सएलआरमधून स्कारलेटच्या दुसऱ्या चॅनेलला. इथे पॅसिव्ह नको, तुमच्या सिंगल कॉइलवर त्याचा भार पडून वरची धार बोथट होते. तिसऱ्या पिढीच्या २आय२ मध्ये फँटमचं (एक्सएलआरमधून डीआयला मिळणाऱ्या ४८ व्होल्टचं) बटण दोन्ही चॅनेलना एकच आहे, पण टीआरएसमधून ते जात नाही, त्यामुळे लाइनने जोडलेल्या लोड बॉक्सची चिंता नको.

---

कोन_आणि_कॉइल

शांत_दुपार, स्पीकरच्या दबण्याबद्दल सहमत, आणि तासभर दुपारी आवाज करता येत असेल तर तुमची पद्धत उत्तम. एका गोष्टीवर मात्र अडतो. खर्जला हवं आहे ते ॲम्पचं हाताला मिळणारं उत्तर: मी हलकं वाजवलं, तो साफ झाला, म्हणून पुढची ओळ मी आणखी हलकी घेतली. सिम्युलेटर ऐकत वाजवलं की हात सिम्युलेटरप्रमाणे वळतो, आणि दुपारी ब्लूज ज्युनियर त्या हाताला वेगळं उत्तर देतो. जास्त गेनच्या ऱ्हिदमला हे जाणवत नाही. काठावर फाटणाऱ्या आवाजाला जाणवतं. म्हणून अशा ट्रॅकसाठी रात्री लोड लावून, ॲम्पच ऐकत वाजवावं. वर कोरडा ट्रॅक घेऊन ठेवायला हरकत नाही.

---

बारा_एएक्स_सात

कपाट: ॲम्प बंद कपाटात अजिबात ठेवू नका. ईएल८४ या ॲम्पमध्ये फिक्स्ड बायसवर (सिग्नल नसतानाचा ट्यूबांचा करंट ठरावीक) आहेत, बायस कमी करायला पॉट नाही, आणि उष्णता वर चेसिसमध्येच साठते. दार लावून तासभर चालवला तर ट्यूबा आणि कपॅसिटर दोघांचं आयुष्य घटतं. कपाटात ठेवायचा असेल तर फक्त वेगळा स्पीकर कॅबिनेट ठेवा, ॲम्प बाहेर. आणि कपड्यांकडून फार अपेक्षा नको: कपडे, गाद्या वरचे सूर शोषतात, खालचे अडवत नाहीत. खालच्या मजल्यावर जे पोचतं ते बहुतेक स्लॅबमधून जातं. ॲम्प जमिनीवर न ठेवता खुर्चीवर, खुर्चीच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे. एवढ्याने खालच्यांना घुमणं बरंच कमी होतं.

हळू आवाजात ५७ लावणार असाल तर माइक जाळीपासून २-३ सेंटीमीटरवर, मधल्या टोपीच्या कडेवर रोखून. इतक्या जवळ आवाज मीटरभर अंतरापेक्षा पंधरा-वीस डीबी जास्त असतो, म्हणून खोलीत ८० डीबी असले तरी माइकला भरपूर मिळतं. पंखा मात्र बंद.

चिर्र: लॅपटॉपचा चार्जर, आणि तो बॅटरीवर चालवणं हाच सोपा उपाय. लोड बॉक्स लावला की ॲम्पचं अर्थिंग आणि लॅपटॉपचं अर्थिंग ऑडिओ केबलमधून जोडलं जातं, त्यामुळे चार्जर लावलेला असेल तर घूं वाढू शकते. दोन्ही एकाच भिंतीवरच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. तरीही राहिली तर लोड बॉक्स आणि इंटरफेसच्या मध्ये १:१ ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, किंवा लोड बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असेल तर ते. ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून घूं घालवणारे लोक आहेत. आत तीनशे व्होल्टच्या वर डीसी आहे आणि तुमच्या हातात लोखंडी तारा आहेत, ते करायचं नाही. जुन्या इमारतीत अर्थिंगच नसतं, तेव्हा आधी इलेक्ट्रिशियनकडून फेज-अर्थ व्होल्टेज मोजून घ्या: फेज-न्यूट्रल इतकंच आलं पाहिजे.

चार्जर काढल्यावरही राहणारी घूं बहुतेक तुमच्या सिंगल कॉइलची आहे. गिटार हातात धरून खोलीत हळूहळू फिरा. मॉनिटर, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हे तिघे नेहमीचे. पंखा पूर्ण बंद किंवा पूर्ण वेगावर केला की रेग्युलेटरची घरघर जाते, मधल्या टप्प्यांवर असते.

आणि लोडवर पहिल्यांदा ७ वर नेल्यावर शांत खोलीत ॲम्पच्या आतून बारीक आवाजात तुमचं गाणंच ऐकू येईल. ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या आणि ट्यूबांमधले भाग सिग्नलबरोबर थरथरतात, स्पीकर असताना ते झाकलं जातं. ते नॉर्मल आहे. वास आला, ट्यूबच्या पत्र्यावर लाल डाग दिसला किंवा आवाज अचानक बारीक झाला तर मात्र लगेच खटका बंद करा, आणि आधी लोडची वायर तपासा.

---

खर्ज

इन्स्टचं बटण चालू होतं. ते बंद करून आणि रेग्युलेटर शून्यावर नेऊन तपासतो. कॅप्टर आला की क्लीन आणि ७ वरचा असे दोन्ही ट्रॅक, आयआरसह आणि आयआरशिवाय, इथे टाकतो.

डाख

टाकाच. आयआरशिवायची फाइल जरूर टाका, म्हणजे लोडचा आवाज आणि आयआरचा आवाज वेगळा ऐकता येईल. आणि दोन्ही ट्रॅकना लोडच्या लाइन आउटची पातळी तीच ठेवा, गेन नॉबला मध्ये हात लावू नका.